सहाव्या भोकातला मी

मला फारसं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून आधी ओळख सांगतो. मी स्पार्क प्लग, बोटभर लांबीचा, जुमादिलच्या जुन्या ट्रकमधला. माझं आयुष्य सहाव्या भोकात गेलं. इंजिनाच्या अगदी मागे, केबिनच्या भिंतीला चिकटून, जिथे जाड हात मुश्किलीने पोचतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी मान पांढरीशुभ्र होती. जुमादिलने मला बसवताना माझ्या पेचाच्या आट्यांना मेंढीच्या शेपटीची चरबी चोपडली. हा माणूस बिजागरीला, बुटाला, फुटलेल्या ओठाला, सगळ्याला तीच लावतो. इंजिनाच्या धगीत तिचा कोळसा झाला आणि मी कायमचा रुतून बसलो.

माझ्या डोक्यावर कॉइल. ती वीज धाडायची, मी ठिणगी टाकायचो. अडीच लाख किलोमीटर आम्ही निभावलं. पुढे तिला तडा गेला, माझं टोक झिजलं. ठिणगी चुकली की ट्रक हिसका द्यायचा आणि पुढची तरी पडेल का, ही मला भीती. "म्हातारा झालाय, खोकणारच," जुमादिल म्हणायचा. नवे प्लग आणि कॉइल सीटखाली वर्षभर तसेच पडून होते.

यंदाच्या मे महिन्यात मधमाश्यांच्या बेचाळीस पेट्या घेऊन आम्ही पहाटे डोंगरातल्या कुरणाकडे निघालो. पेट्यांची तोंडं चिंध्यांनी बंद केलेली. ऊन चढायच्या आत पोचायचं, नाहीतर माश्या आतल्या आत गुदमरून मरतात. जुमादिलशेजारी बसली होती बुरूल, सहा आठवड्यांपूर्वी लग्न होऊन आलेली त्याची सून. मुलगा एर्किन कामासाठी रशियात. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बुरूल सासऱ्याचं नाव घेत नसे, त्याच्याकडे पाठ करत नसे, आणि "हो" किंवा "चहा आणू?" याखेरीज त्याच्यापुढे तोंडही उघडत नसे.

घाटाच्या निम्म्यावर माझी ठिणगी गेली. एकदा, दोनदा, मग सलग. ट्रक गचके खात थांबला.

जुमादिलने इंजिन चालूच ठेवून एकेका कॉइलची वायर काढून पाहिली. प्रत्येक वेळी इंजिन अडखळलं. माझी काढली, तेव्हा मात्र इंजिनाला काही फरकच पडला नाही. आपण असलो काय, नसलो काय, हे असं कळणं वाईट.

इंजिन बंद झालं तशी माश्यांची गुणगुण ऐकू आली. ती चढत होती. जुमादिलने तडकलेली कॉइल उपसली आणि प्लग पाना तापलेल्या इंजिनातच माझ्यावर घातला. मी हादरलो. त्या धगीत जोर लावला तर भोकातले आटे माझ्याबरोबर उपसून येणार, किंवा माझे दोन तुकडे होऊन अर्धा मी आतच राहणार. मग ट्रकही गेला, माश्याही गेल्या.

"बाबा, थांबा."

पाना थांबला. बुरूलची मान खाली, हात छातीशी, पण आवाज स्पष्ट. "इंजिन गार होऊ द्या. तासभर. आत्ता पिळलात तर आटे जातील."

"बोलता येतं की तुला!" जुमादिल गुरकावला. "तासभरात पेट्यांमध्ये माश्यांचा रस्सा शिजेल. बापाच्या गॅरेजातली अक्कल इथे घाटात नको पाजळूस."

"माझ्या बापाने घाईघाईत एक गाडी अशीच कायमची बंद पाडली, बाबा. तेव्हापासून मला घाईची भीती वाटते."

"आणि मला उन्हाची."

"त्याचं बघते मी."

ती मागे चढली. लग्नात माहेरून आणलेले नवे, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचे गालिचे काढले, रस्त्याकडेच्या ओढ्यात बुचकळले आणि पेट्यांच्या छपरांवर टाकले. लाल रंग पाण्याबरोबर ओघळू लागला. हवेची फट मात्र तिने कुठे झाकली नाही. जुमादिल बादली घेऊन ओढ्याकडे गेला.

तो तास माझा सगळ्यात लांब तास.

शेवटी बुरूलचा बारीक हात आत आला. तिने रॉकेलचे चार थेंब सोडले, थांबली. पाव फेरा पुढे, पाव मागे. मी किंचाळलो. ती दर फेऱ्याला थांबून कान देत होती, माझे आटे करकरत होते, आणि दोघांनाही एकच भीती. मग एकदम मी सुटलो. अख्खा.

नवा प्लग हातात घेताना जुमादिलने सवयीने चरबीची डबी काढली. तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या आट्यांवरचा काळा कोळसा नखाने खरवडत होती. त्याने डबी खिशात घातली. "तूच बसव, सूनबाई. माझा हात नीट पोचत नाही."

नव्या कॉइलसकट ट्रक पहिल्या फटक्यात सुरू झाला. मला बुरूलने खिशात टाकलं.

कुरणात पोचून त्यांनी एकेक चिंधी उपसली. प्रत्येक पेटीला जुमादिल कान लावायचा आणि मी खिशात श्वास रोखायचो. एकोणचाळीस गुणगुणल्या. तीन गप्प राहिल्या.

"त्या तीन माझ्यामुळे गेल्या," जुमादिल म्हणाला. "वर्षभर नवे प्लग सीटखाली ठेवले ना."

आता मी त्यांच्या तंबूच्या दारातल्या पडद्याच्या टोकाला वजन म्हणून लोंबतो. काम सोपं आहे, ठिणगी मागत नाही. तरी ट्रक सुरू झाला की मी अजून सहाव्या भोकाकडे कान लावतो.

तुमच्या गाडीने हिसका दिला तर तो खोकला समजू नका. तिथे आत कुणीतरी भ्यायलेलं असतं.