खाल्लेले अंगी लागेना

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे आणि स्वभावाने जळकी आहे. हे आधीच सांगितलेले बरे.

माझे आयुष्य एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले. आम्ही चाळीस जणी होतो. मालकीणबाई अंडी गोळा करत आणि त्यांचे दीर आमचे खाद्य-पाणी बघत. ठिपकी आणि मी एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलो. तिच्या मानेवर पांढरा ठिपका होता, म्हणून तिला नाव मिळाले. माझ्या अंगावर काहीच नव्हते, म्हणून मला नाव मिळाले नाही. माझे जळणे तिथूनच सुरू झाले.

आम्ही अंडीही शेजारशेजारच्या खोक्यांत घालत असू. मालकीणबाई तिच्या अंड्यावर टिचकी मारत आणि म्हणत, "भावजी, ऐका तरी, कसं खणखणतंय!" मग माझे अंडे उचलून काही न बोलता टोपलीत ठेवत. त्या न बोलण्याने माझ्या अंगाचा तिळपापड होई.

मला वाटे, हिला नक्की जास्त खायला मिळते. म्हणून मी पाण्याजवळचे खाद्याचे मोठे भांडे अडवले. ठिपकी आली की मी तिच्या डोक्यात चोच मारी. ती बिचारी दाराजवळच्या भांड्याकडे जाई. माझ्या शेजारी फक्त एका लंगडीला जागा होती. तिची अंडी माझ्याहून लहान होती, म्हणून तिला मी खाऊ देत असे. पाण्याचे भांडे गळत होते. खाली सांडलेले खाद्य भिजून जमिनीवर अंथरलेल्या भुशात मिसळे. आम्ही दोघी तेही टिपत असू. ठिपकीला कणही मिळू नये, एवढीच माझी इच्छा!

पण दुप्पट खाऊनही मी वाळत चालले. माझा तुरा फिका पडला. एके सकाळी माझे अंडे मालकीणबाईंच्या हातातच फुटले. कवच कसले, नुसता कागद! माझ्या पोटात दुखत होते. मला वाटले, हेव्यानेच दुखते आहे.

दीर म्हणाले, "वहिनी, ही म्हणजे खायला काळ नि भुईला भार. देऊन टाकू खाटकाला."

रविवारी त्यांनी माझे पाय बांधून मला टोपलीत ठेवले. त्याच सकाळी लंगडी मेलेली सापडली. मालकीणबाईंनी घाईने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्यांनी खिडकीखालच्या टेबलावर लंगडीचे पोट उघडले. टोपलीतून मला सगळे दिसत होते.

"हे आतडं बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निरोगी आतडं आतून टॉवेलसारखं असतं, बारीक धागे उभे असलेलं. ते धागेच खाल्लेल्यातलं सत्त्व शोषून रक्तात सोडतात. हिचे धागे झिजून गेलेत. जुनं पायपुसणं झालंय नुसतं."

"पण कवचासाठी आम्ही शिंपल्यांचा चुरा घालतो की," दीर म्हणाले.

"घालता हो, पण अंगी कुठून लागणार? बराचसा तसाच बाहेर पडतो. या रोगाचे जंतू ओल्या भुशात वाढतात. इथे पाणी कुठे गळतंय?"

दिरांनी मान खाली घातली. "दोन महिने झाले. करतो करतो म्हणतोय."

मालकीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "मग हिलाही तेच झालं असेल का?"

डॉक्टरीणबाईंनी मला उलटसुलट करून तपासले. "तेच दिसतंय. पाण्यातून औषध द्या. आतड्याचं अस्तर पुन्हा भरून येतं. महिनाभर दम धरा."

मालकीणबाईंनी स्वतः माझे पाय सोडले. मग त्यांनी विचारले, "पण ठिपकी कशी हो ठणठणीत?"

"ती खाते कुठे?"

"दाराशी, कोरड्यात. ही तिला इकडे फिरकूच देत नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. "म्हणजे तिला हिनंच वाचवलं!"

मित्रांनो, खाटकाच्या नावानेही बसला नव्हता, एवढा चटका त्या वाक्याने बसला. मी जिचे वाईट चिंतले ती धडधाकट राहिली, आणि जिला प्रेमाने जवळ बसवले ती गेली.

त्याच दुपारी भांडे दुरुस्त झाले आणि भुसाही बदलला. महिन्याभराने माझी अंडी सुधारली, तरी ठिपकीइतकी नाहीत. हेवा अजून वाटतो. खोटे कशाला बोलू?

पण तुमच्या घरचा एखादा मुका जीव पोटभर खाऊनही सुकत असेल, तर त्याला खादाड म्हणू नका. त्याच्या भांड्याखालची जमीन हाताने चाचपून बघा. ओली लागली तर आजच कोरडी करा. लंगडीला उद्यापर्यंत थांबता आले नाही.