शर्टातली माया

पलूसच्या आक्काताईंनी राजरत्नचा दिवाळीचा शर्ट तिसऱ्यांदा आत घेतला, तेव्हा पहिला संशय टेपवर गेला. जुनी टेप ताणली की माप कमी दाखवते, हे तीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. नवी टेप आणली. दंड तरीही चौदाच इंच. दिवाळीत सोळा होता.

लेक खुशीत होता. सांगलीच्या शरीरसौष्ठव स्पर्धेला पाच दिवस उरले होते. चरबी कशी झरझर चाललीय, ते तो आरशात बघायचा. एवढी चरबी होती कुठं, हे काही आक्काताईंना आठवेना. ऐन थंडीत तो पंख्याखाली घामेजून बसायचा, हातातली कपबशी वाजायची, आणि ताट संपवून पुन्हा वाढ म्हणायचा. खाल्लेलं जायचं कुठं? घरात आणखी कोणीतरी जेवतंय, असं त्यांना वाटू लागलं.

मग त्यांची स्वतःची थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली तळाला गेली. ‘या गोळीनं माझी सूज उतरली’ असं त्यांनीच गल्लीभर सांगितलं होतं. राजरत्ननं लपवलं नाही. व्यायामशाळेतला जयराज म्हणाला होता, आईला एक पुरते तर तुला पाच लागतील.

“बाजूनं अजून अर्धा इंच घे,” तो म्हणाला. “आतलं कापड टोचतंय. कापून टाक ते.”

शिवणीच्या आत राखलेल्या कापडाला माया म्हणतात. ती कापली की कपडा पुन्हा सैल होत नाही.

“माया कापत न्हाई मी,” आक्काताई म्हणाल्या आणि शर्ट घेऊन, पाठ फिरवून आत घेतलेल्या सगळ्या शिवणी उसवू लागल्या. मागं टकटक टकटक मशीनची धावती टीप ऐकू येत होती. त्यांनी खाली पाहिलं. पाय मशीनच्या पायट्यावर नव्हता; मागं फक्त राजरत्न उभा होता.

उसवलेला शर्ट त्यानं पुन्हा घातला, तर तो अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबला.

“ह्यो कुणाचा?”

“तुजाच. दिवाळीचा.”

त्यांनी पंखा बंद केला. पाती थांबली, तरी छातीवरच्या डाव्या खिशाचं कापड थरथरत राहिलं. दोघंही त्या खिशाकडं बघत राहिली.

“एवढी चरबी नव्हती गं मला,” तो हळूच म्हणाला.

“सांगलीची यष्टी धाला हाय. बाटली घे संगं. डॉक्टर रागावलं, तर पयलं माजं नाव सांग.”

तो बटणं काढू लागला. आक्काताईंनी त्याचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे रं अंगावर. त्यांनाबी बघू दे.”