गुरुवारचा शेक

मी एक जुनी, लाल रबराची शेकायची पिशवी आहे. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने रेघारेघांची, आणि तोंडाला काळं बूच. कांजूरमार्गला दशरथ राणे यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी राहते. मित्रांनो, ही गोष्ट थोडी माझ्या फजितीचीही आहे, पण काही न लपवता सांगते.

कारखान्यात मला गरम साच्यातून काढलं, हवा भरून फुगवलं आणि पाण्यात बुडवून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. तेव्हापासून मी जरा भाव खाऊनच वागत आले. तेरा वर्षांपूर्वी दशरथकाकांच्या बायकोने, सुगंधाकाकूंनी, मला भांडुपच्या एका मेडिकलमधून घरी आणलं. त्यांची मुलगी श्रुतिका तेव्हा दहावीत होती आणि दर महिन्याला तिचं पोट दुखायचं. पुढे काकांची कंबर आली, काकूंचा खांदा आला. काकूंनी आपल्या जुन्या गाऊनचं फुलाफुलांचं कव्हर मला शिवून दिलं. शेजारपाजारी माझं नाव झालं आणि मी चांगलीच शेफारले.

मग श्रुतिका नोकरीला लागली आणि विजेवर तापणारा पट्टा घेऊन आली. माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे गणपतीच्या मखराशेजारी मी दोन वर्षं धूळ खात पडले. कुणी चौकशीही केली नाही, आणि याचा मला रागही आला होता.

गेल्या वर्षी काकूंच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर होता, पण वेळेवर सापडला होता. ऑपरेशन झालं आणि केमोथेरपी सुरू झाली. एकूण सहा केमो ठरल्या होत्या, दर तीन आठवड्यांनी एक. सोमवारी हॉस्पिटलात सलाईन लागायचं. मंगळवारी रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन पोटावर टोचायचे. काकू दोन्ही निमूट घेऊन यायच्या.

दुखणं यायचं गुरुवारी. पाठीच्या कण्यात, मांडीच्या हाडात, कमरेच्या दोन्ही बाजूंना आतून ठणकायचं. पट्टा तोवर बिघडला होता, म्हणून काकूंनी स्टुलावर चढून मला खाली काढलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! कुणाच्या दुखण्यामुळे आपल्याला काम मिळालं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

काकू हे दुखणं कुणाला सांगत नसत. काका खाली वाचनालयात गेले आणि श्रुतिका पवईला ऑफिसात गेली की त्या दार लोटून मला कुशीत घेत. डॉक्टर विचारत, "काही त्रास?" काकू म्हणत, "नाय, बरा आसा." मागे रांग उभी असताना आपलं रडगाणं काय लावायचं, असं त्यांना वाटे. खरं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. गावी त्यांच्या मोठ्या जावेचा कॅन्सर शेवटी हाडांत गेला होता. तिसऱ्या केमोनंतरच्या गुरुवारी काकू माझ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "रोग हाडात उतारलो गो. आता पुढच्यो सुयो कशाक टोचून घेऊच्यो? पुढच्या केमोक मी जावचंय नाय."

मित्रांनो, मी रबराची. ओरडता येत नाही, फोन लावता येत नाही. तीन केमो बाकी असताना ही बाई उपचार सोडायला निघाली होती, आणि हे ऐकणारी मी एकटीच होते.

त्या दिवशी ऊब हाडापर्यंत पोचत नाही म्हणून त्यांनी माझं कव्हर काढून टाकलं, माझ्यात उकळतं पाणी ओतलं आणि रेघांची बाजू कमरेला दाबून धरली. कातडी लाल झाली तरी हात काढला नाही. ज्या माणसाला आराम द्यायचा, त्यालाच मी भाजलं. माझ्या आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रुतिका आईला साडीच्या निऱ्या नीट करून देत होती. कमरेवर माझ्या रेघा उमटल्या होत्या आणि मध्ये एक फोड आला होता.

"आई, हे काय गं? भाजलंय ना हे!"

"काय नाय गो. पाणी सांडला."

"पाणी सांडून अशा सरळ रेषा उमटतात? खरं सांग हां, नाहीतर बाबांना बोलावते."

काकू खाटेवर बसल्या. आधी नाही नाही म्हणाल्या, मग बांध फुटला. हाडांचं सांगितलं, जावेचं सांगितलं, केमो सोडायचंही सांगितलं. श्रुतिकाने हातपाय गाळले नाहीत. तिने केमोच्या वॉर्डातल्या विनिता सिस्टरला फोन लावला. सिस्टरने पहिला प्रश्न केला, "ताप मोजलात?" ताप नव्हता. "तरी आजच घेऊन या. पेशी कमी असताना जंतू लगेच शिरतात, फोड अंगावर काढायचा नसतो."

हॉस्पिटलातून परत आल्यावर काकांनी मला उचलून बाजूला ठेवलं आणि काकूंना खाटेवर बसवलं. मग श्रुतिकाने डॉक्टरांचं सांगणं आईबाबांना पुन्हा एकदा समजावलं, तेव्हा मीही ऐकलं. हाडांच्या आत मऊ मगज असतो, त्यालाच अस्थिमज्जा म्हणतात, आणि रक्ताच्या पेशी तिथे तयार होतात. केमो आजाराला मारते, त्यात या पेशीही मरतात. ते इंजेक्शन मगजाला भराभर नव्या पेशी करायला लावतं, म्हणून हाडं ठणकतात. दुखणं दोन दिवसांनी सुरू होतं आणि आठवड्याभरात जातं. काकूंचं अगदी तसंच होत होतं. डॉक्टरांनी तपासून, आधीचे रिपोर्ट पुन्हा बघून सांगितलं होतं की हाडांत आजार गेल्याचं काहीही दिसत नाही.

काका पूर्वी गिरणीत होते. ते म्हणाले, "म्हणजे आत डबल पाळी चालू आसा. मग आवाज होतलोच."

काकू खूप दिवसांनी हसल्या. लगेच डोळे पुसून म्हणाल्या, "ह्या आधी सांगूक काय झाला होता त्यांका?"

"तू विचारलंस कधी?" श्रुतिका म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं की तिनेही आईला कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी दुखण्यावर गोळी लिहून दिली होती. पण आधी ताप मोजायचा आणि मगच गोळी घ्यायची, कारण गोळीने ताप लपतो आणि या दिवसांत ताप लपून चालत नाही. जमेल तेवढं घरातल्या घरात चालायचं. भाजलेलं बरं झाल्यावर शेक चालेल, पण कोमट, आणि कव्हर घालूनच.

चौथ्या केमोच्या सोमवारी काकू हॉस्पिटलात गेल्या. मंगळवारी इंजेक्शनही घेतलं. गुरुवारी दुपारी दुखणं आलंच, आधीइतकंच. काकूंनी या वेळी दार लोटलं नाही. "अहो," त्यांनी मोठ्याने हाक मारली, "दुखाक लागला. पिशयेत कोमट पाणी भरून देवा." काकांनी तेरा वर्षांत माझं बूच उघडलं नव्हतं. त्यांनी अर्धं पाणी ओट्यावर सांडलं, मला उलटंच कव्हर घातलं आणि संध्याकाळपर्यंत काकूंजवळ बसून राहिले. काकू मोकळेपणी कण्हत होत्या. दुखणं तेवढंच होतं, पण त्यात भीती नव्हती. शनिवारी ते गेलं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या. उकळतं पाणी ओतू नका, बूच घट्ट लावा, काम झालं की मला उलटी टांगून सुकवा. पण घरातलं एखादं दुखणारं माणूस दार लोटून माझ्याशीच बोलत बसलेलं दिसलं, तर माझी काळजी करू नका. मला खुशाल बाजूला सारा, आणि माझ्या जागी तुम्ही बसा.