मोर्णेकाठची पालथी पाटी

मी एक पाटी आहे. पत्र्याची, चारही कडा मागे वळवलेल्या, पोटावर लाल अक्षरं: 'फ्लॅट भाड्याने देणे आहे'. अकोल्यात मोर्णेच्या काठी नव्या इमारती भराभर उठू लागल्या, तेव्हा घरमालक देवीदासभाऊंनी मला रंगवून घेतलं आणि दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत तारेनं बांधलं.

तिथून मी माणसं बघत आले. सगळे आधी नदीचं कौतुक करतात, मग डास चावले की खिडक्या लावून घेतात. भाडेकरू आला की मी माळ्यावर, गेला की पुन्हा उन्हात. कुणाचं घर सुटलं की माझं काम सुरू व्हायचं, याचं मला फार वाईट वाटायचं.

मग मनोज आला, बायकोला आणि आई पार्बताबाईंना घेऊन. बाईंनी नदी बघितलीच नाही, समोरची उंच इमारत बघितली. "थ्या लिफ्टच्या जागी आमचा सांबाराचा वाफा होता," त्या म्हणाल्या. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर.

लवकरच बाळापूरहून, बाईंच्या माहेराहून काळी माती आली आणि बाल्कनीत दोन टप भरून त्यांनी सांबार पेरला. पण बाईंचा हात वाफ्याचा. टप पाण्यानं काठोकाठ भरल्याशिवाय त्यांना चैन पडेना, आणि खालच्या गीतांजलीताईंचे पापड पुन्हा पुन्हा भिजले. तक्रार गेली. देवीदासभाऊंनी मला माळ्यावरून काढलं.

"पार्बताबाई, हा फ्लॅट हाये, वावर नोय. दुसरी जागा पाहा."

"समजते भाऊ. पण घोटभर पाणी द्याले हात धजत नाई." त्या टपातली माती पिशवीत भरू लागल्या. मला तर तिथल्या तिथे गंजून जावंसं वाटलं.

तारेची एक गाठ बसली, तोच गीतांजलीताई ताट घेऊन वर आल्या. गरम सांबारवड्या! आदल्या दिवशी बाईंनी सांबाराचा पहिला तोडा त्यांना नेऊन दिला होता. पहिला तोडा विकायचा नाही, शेजारी वाटायचा, हा बाईंच्या घरचा रिवाज.

"भाऊ, कावून हाकलून राहिले तुमी पार्बताबाईले? पाणी खाली येऊ नये, एवढंच मनलं होतं म्या."

देवीदासभाऊंनी एक वडी खाल्ली. दुसरी खाल्ली. मग माझ्या वळलेल्या कडांवरून बोट फिरवलं, तार सोडली आणि मला टपांखाली पालथं घातलं.

आता गळणारं पाणी मी पाठीवर झेलते. अक्षरं फरशीला घासून पुसत चालली आहेत, कडांना गंज धरलाय. धरू द्या. फक्त मला पुन्हा कुणी उभं करू नका.