नाव न लिहिलेल्या गोळ्या

गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, तोही पाहुण्यासारखा; चहा घेतला, सह्या ठोकल्या, निघाला. बाकी सगळा गाडा एकटी सिस्टर ओढायची. आणि सिस्टरला कुणी दामटायचं, तर आक्कानं. आक्कापुढे बोलायची गल्लीत कुणाची टाप नव्हती.

चार वर्षांपूर्वी आक्काच्या थोरल्या मुलाचा डोळ्याला डोळा लागेना. नऊ दिवस तसे गेले. दहाव्या दिवशी त्यानं घरातली सगळी दारं बिजागऱ्यांसकट उतरवून भिंतीला टेकवून ठेवली. दाराआड माणसं उभी राहून ऐकतात, म्हणाला. सिस्टरच त्याला दोन बस बदलून मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली, दिवसभर त्याचा हात धरून बाकावर बसली. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत थोरला पुन्हा छापखान्यात पुस्तकं बांधायला लागला. दारंही त्यानंच परत बसवली. स्वयंपाकघराचं तेवढं नीट बसलं नाही. ते अजून फरशीला घासतं.

पुढच्या गोळ्या गल्लीतल्याच दवाखान्यातून मिळणार होत्या. सिस्टरनं रजिस्टर उघडलं, तर आक्कानं पानावर पंजा ठेवला.

"नाव लिहायचं नाही. आमच्या घराण्यात वेडं कुणी नाही."

"वेडं कोण म्हणतंय, आक्का? आजार आहे. सर्दी-पडशासारखा."

"मग सर्दी लिही."

सिस्टर हसली. हसली तिथेच फसली. तिनं काहीच लिहिलं नाही. दर महिन्याला कागदाची पुडी घेऊन ती स्वतः आक्काच्या घरी यायला लागली.

आता आक्का करील ते गल्ली करणार. शिलाईवालीच्या नवऱ्याला फिट यायच्या. ती म्हणाली, आक्काचं लिहीत नाही तर आमचंच का? मग कुणाची सून, कुणाचा म्हातारा, कुणाची लग्नाची पोरगी. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गोळ्या गेल्या कुठे, हे कुठेतरी लिहावंच लागतं. सिस्टर लिहायची : मुदत संपली, टाकून दिल्या.

चार वर्षांनी वरच्या ऑफिसातून एक साहेब आला आणि त्यानं कागद उलटेपालटे केले. कागदावर गल्ली ठणठणीत होती आणि औषधं कचऱ्यात जात होती. आठ दिवसांत दारावर नोटीस लागली. दवाखाना पहिल्या तारखेपासून बंद, रुग्णांनी मोठ्या हॉस्पिटलात जावं. हरकत असेल त्यानं मंगळवारी येऊन सांगावी.

त्या हॉस्पिटलाची पायरी पुन्हा चढणार नाही, असं थोरला एकदाच बोलला होता, आणि एकदाच बोलायची त्याची सवय होती.

सोमवारी सिस्टर पुडी घेऊन आली. चहा पुढ्यात निवत राहिला.

"उद्या तू काय बोलणार?" आक्कानं विचारलं.

"मी काय बोलू? तुम्हा सगळ्यांना वचन दिलंय."

"आणि मी बोलले तर?"

"तर दवाखाना राहील बहुतेक." सिस्टरनं पदरानं कप पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती. "खोटं लिहिलं म्हणून मी जाईन."

"मग नको बोलू म्हण की."

"ते नाही म्हणणार, आक्का. फिटच्या गोळ्या चार दिवस चुकल्या तर माणूस मशीनवर डोकं आपटून पडतो."

रात्रभराचा विचार आक्कानं सकाळी वेणी घालता घालता उरकला.

मंगळवारी दवाखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि बोलायला कुणी तयार नव्हतं. साहेबानं नोटीस वाचली. "हरकत?" सगळ्यांनी आपापल्या चपला बघितल्या. आक्का उठली. तेव्हाच तिला मागे भिंतीशी थोरला दिसला. छापखान्यातून तसाच आला होता, बोटांना खळ लागलेली. आक्काची जीभ, जी जन्मात कधी अडली नव्हती, ती अडली. मग थोरल्यानं मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते तिला आजतागायत कळलेलं नाही.

"लिहा," ती म्हणाली. "माझ्या थोरल्याला मनाचा आजार आहे. चार वर्षं गोळ्या इथूनच घेतो. नाव मी लिहू दिलं नाही. ही लिहीत होती, मी हात धरला."

मग शिलाईवाली उठली. मग म्हातारा. साहेबाचं पेन बारा नावांपर्यंत चाललं.

"हे आधी का नाही सांगितलंत?" त्यानं विचारलं.

"तुम्ही आधी का नाही आलात?"

साहेबानं सिस्टरकडे बघितलं. "रजिस्टरवर सही यांची आहे."

"अहो, चूक माझी आहे."

"असेल, पण सही यांची आहे."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," आक्का म्हणाली.

दवाखाना राहिला. सिस्टर शुक्रवारी गेली. कुठे पाठवली, पाठवली की काढली, कुणी सांगेना. जाताना आक्काच्या दारावरून गेली, पण आत आली नाही.

पहिल्या तारखेला आक्का रांगेत उभी राहिली. खिडकीत नवा माणूस होता, मान खाली घालून लिहिणारा. "नाव? आजार? मोठ्यानं बोला." मागे पंधरा माणसं होती. आक्का मोठ्यानं बोलली.

घरी तिनं पुडी थोरल्यापुढे ठेवली. त्यानं ती उघडली नाही.

"सिस्टरनं दिल्यात?"

"नाही. ती गेली. माझ्यामुळे गेली."

त्यानं पुडी बाजूला सारली. मग उठला, पेटीतून पेचकस काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसला. वरच्या बिजागरीचा पहिला स्क्रू फिरला.

"काय करतोस रे?"

"घासतंय ना खाली. तासून बसवतो." त्यानं वळून बघितलं नाही. "गोळी दे. आणि पाणी."

तिनं दोन्ही दिलं. त्यानं गोळी गिळली की नाही, हे बघायला ती त्याच्या तोंडाकडे टक लावून उभी राहिली. त्यानंही तिला बघू दिलं. दुसरा स्क्रू निघाला, तिसरा निघाला, आणि दार त्याच्या खांद्यावर आलं. ते परत बसेपर्यंत आक्का तिथून हलली नाही.