हाण म्हणजे काय

वाळू तुम्ही झाडून घेतली नाहीत, आणि शिक्षा मात्र एका शब्दाला दिलीत.

साहेब, तुम्ही तिघं होतात. गळ्यात ओळखपत्रं, समोर बिसलेरीच्या बाटल्या. शर्यतीचे पंच. तुमची नावं मला ठाऊक आहेत, पण लिहीत नाही. निकालाखाली तुम्हीही नाव वाचता येऊ नये अशाच सह्या ठोकल्यात.

मी हरिश्चंद्र. नाचणे गावात माझं गॅरेज आहे. शाळा नववीपर्यंत. मनस्विनीला पहिला गिअर मी टाकायला शिकवला, तिच्या वडलांच्या बागेशेजारच्या कातळावर, जुन्या जीपमध्ये. आज ती बावीस वर्षांची आहे आणि उघड्या चाकांच्या, एकाच माणसाच्या गाडीतून शर्यती मारते. मारत होती.

हंगामात सहा शर्यती. पाच झाल्या तेव्हा कोल्हापूरचा ऋत्विक तिच्यापुढे चार गुणांनी. सहावी आमच्याच भागात, समुद्राकाठच्या भाट्याच्या रस्त्यावर. ती जिंकली की विजेतेपद तिचं, आणि विजेत्याला पुढच्या वर्षी परदेशातल्या संघात जागा. त्या जागेसाठी तिने लग्नाची दोन स्थळं घालवली आणि आईचं बोलणं खाल्लं.

शर्यत सकाळी दहाची होती. सकाळी भाट्याला वारा पडलेला असतो. सफाईवाल्या मालनने सात वाजताच सुरूच्या बनाजवळचं शेवटचं वळण खराट्याने लख्ख करून ठेवलं होतं. पण झेंडा दाखवणारे पाहुणे आले नाहीत. दहाचे बारा झाले, बाराचे साडेतीन. दुपारी खारा वारा सुटतो आणि वाळू उठून रस्त्यावर येऊन बसते, हे इथे कुणालाही विचारा. मी तुमच्या तंबूत येऊन सांगितलं. "बघून घेऊ," म्हणालात. काय बघितलंत?

मालन आपण होऊन पुन्हा आली. फाटकावरच्या माणसाने अडवलं.

"बाई, हा पास सकाळचा आहे."

"आणि ही वाळू दुपारची," मालन म्हणाली. "तिला पास कोणी दिलान?"

तो हसला, पण आत काही सोडलं नाही. सबंध शर्यत ती बाई जाळीबाहेर खराटा धरून उभी होती.

वीस फेऱ्या. गाडीत रेडिओ असतो, त्यावर संघाचा इंजिनीअर इंग्रजीत बोलतो. शेवटच्या तीन फेऱ्या मी. ही व्यवस्था मनस्विनीचीच, पहिल्या शर्यतीपासूनची. "काका, इंग्रजी ऐकलं की मी आधी विचार करते, मग पाय दाबते. तुम्ही बोललात की पाय आधी जातो." नियमांत भाषेबद्दल एक ओळ नाही. मी तीनदा वाचून घेतलं होतं.

शेवटच्या फेरीत ती ऋत्विकच्या शेपटाला चिकटली. पूल संपला, सरळ रस्ता आला आणि तो वितभर बाहेर सरकला. आतून वाट मोकळी. मी ओरडलो, "हाण गो मने, हाण! सोडू नको! हाण!"

ती आत शिरली. वळणाआधी तिने ब्रेक दाबला, वेळेवर दाबला, आणि पुढची चाकं वाळूवर घसरली. या गाड्यांच्या चाकांवर काही आच्छादन नसतं. फिरतं चाक फिरत्या चाकाला लागलं की वर चढतं. ऋत्विकची गाडी उचलली गेली आणि कठड्यावर आपटली. मनगट मोडलं त्याचं. मनस्विनी कशीबशी सावरली आणि रेषा पहिली ओलांडली.

आठ मिनिटं ती विजेती होती.

मग तुम्ही बोलावलंत. टेबलावर कागद होता. नोंद इंग्रजीत लागते म्हणून माझं रेडिओवरचं बोलणं तुम्ही मोबाइलला ऐकवून त्याचं इंग्रजी केलं होतंत. "हिट. गो मनी, हिट. डोन्ट लीव्ह हिम." पोरीला आम्ही गो म्हणतो, ते तुमचं जा झालं. मने म्हणजे मनस्विनी, तिचे पैसे झाले. आणि त्यातला 'हिम' मी बोललोच नव्हतो. तो मोबाइलने आपल्या मनाचा घातलान.

मधल्या साहेबांनी विचारलं, "पैसे कोण देणार होतं?"

मला हसू आलं. त्या हसण्याची तुम्ही निकालात नोंद केलीत: वर्तन उर्मट.

मी सांगितलं, आमच्याकडे गाडी जोरात हाणतात. हाण म्हणजे दाब, पळव. सोडू नको म्हणजे पाय काढू नको. तुम्ही विचारलंत, "पण त्याचा अर्थ मार असाही होतो ना?" होतो. मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू? मनस्विनी म्हणाली, "ब्रेकचा आलेख बघा. धडकायचं असतं तर ब्रेक कशाला दाबला असता मी?" आलेख तुमच्या कोपराखालीच होता. त्यावर चहाचा कप होता. कप तुम्ही उचलला नाहीत.

मुद्दाम धडक. शर्यतीतून बाद, दोन वर्षं बंदी. विजेतेपद ऋत्विकला. अपील केलं, तेही फिरून तुमच्याकडेच आलं आणि चार ओळींत फेटाळलं गेलं. बाविसाव्या वर्षी दोन वर्षं बाहेर बसलेल्या मुलीला कुठला संघ घेतो? तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर दोन वर्षं.

आठ दिवसांनी ऋत्विक गॅरेजमध्ये आला. हात प्लास्टरमध्ये. मनस्विनी बाकड्यावर बसली होती.

"ये," ती म्हणाली. "चहा घे. डाव्या हाताने जमतो ना?"

तो बसला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, हाण म्हणजे काय ते मला कळतंय. आमची आई रिक्षावाल्याला म्हणते, हाण बाबा, एसटी चुकंल."

"मग पंचांसमोर बोललास का नाहीस?" मी म्हणालो.

"मला कुणी विचारलंच नाही."

"आणि न विचारता?"

मनस्विनीने विचारलं, "जायचं कधी?"

"मार्चात."

"तिथे रेडिओवर इंग्रजीच बोल हां."

चहा न पिता गेला. मी त्याला शिव्या घातल्या नाहीत. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित गप्प बसलो असतो, आणि याचाच जास्त राग येतो.

आता माझं. ते कुणी विचारलं नाही, तरी लिहितो. सकाळपासून मी वाळू वाळू करत होतो. तुमच्या तंबूत, फाटकावर, संघात. आणि ज्या एका श्वासात ती वाळू तिला सांगायची, त्या श्वासात मी हाण म्हणालो. तिचा पाय माझ्या बोलण्यावर जातो हे ठाऊक असून. तुमचा कागद चुकीचा आहे, पण मीही धुतल्या तांदळासारखा नाही.

परवा आम्ही तिच्या वडलांच्या गाडीतून पावस गावाला निघालो होतो. ती चालवत होती, मी शेजारी. भाट्याचा पूल ओलांडला. समोर रस्ता मोकळा, आणि ती तिसाच्या वेगाने. मागून रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न. मी तोंड उघडलं.

"काका," ती म्हणाली, रस्त्यावरची नजर न काढता, "काही बोलू नका."

रिक्षा आम्हाला मागे टाकून गेली. सुरूच्या बनाशी वळणावर तिने गाडी जवळजवळ थांबवलीच. रस्त्यावर वाळू होती. आजही कुणी झाडलेली नाही.

तेव्हा साहेब, माझ्या वाट्याचं उत्तर मी वर लिहून दिलंय. आता तुमचं द्या. मालनचाच प्रश्न आहे, माझा नाही: वाळूला पास कोणी दिलान? लेखी कळवा. आणि खाली सही करताना नाव वाचता येईल अशी करा.