मूळ धरेपर्यंत

“वन्सं! धावा हो, मान टाकली!”

आत्या तोंडात टूथब्रश तसाच ठेवून बाहेर धावल्या. धावता धावता त्यांच्या डोक्यात चक्र फिरलं. घरात माणसं दोनच. एक ओरडते आहे, म्हणजे ती धडधाकट आहे. दुसरी आपण. मग मान टाकली कोणी?

हॉलमध्ये वहिनी खिडकीपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर कुंडीतली पीस लिली आडवी झाली होती. तिची लांब हिरवी पानं काठावरून चहूकडे लोंबत होती, स्ट्रेचरवरून बेशुद्ध माणसाचे हात लोंबावेत तशी. असली दृश्यं आत्यांना नवी नव्हती. त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या प्लॅस्टरच्या खोलीत गेली होती. लोक मोडलेले हातपाय घेऊन यायचे, आत्या ते बांधायच्या आणि हाड जुळून आलं की प्लॅस्टर कापून मोकळे करायच्या. ‘हलायचं नाही’ हे दोन शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारले होते, की निवृत्त झाल्यावरही दूध उतू यायला लागलं की त्या त्याला तेच बजावायच्या.

“पाणी घातलं होतंत का?” ब्रश तोंडातून काढून त्यांनी विचारलं.

“मी कशाला घालू? झाडाचं मी बघते, असं तुम्हीच म्हणालात.”

“म्हणाले होते.”

“मग बघा आता.”

हे झाड आत्यांच्या भावाचं. तो नकाशे काढायचा. निवृत्त होताना ऑफिसातल्या लोकांनी ‘काय हवं ते मागा’ म्हटलं, तर त्याने आपल्या टेबलाशेजारची ही कुंडी मागून घेतली आणि छातीशी धरून घरी आणली. तो गेला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. मागे राहिल्या त्याची बायको आणि त्याची बहीण. एकीच्या तोंडी तो ‘हे’ होता, दुसरीच्या तोंडी ‘दादा’. त्यांचं बोलणं बाहेरच्या कुणी ऐकलं असतं, तर या घरात दोन वेगवेगळे पुरुष राहून गेले असं त्याला वाटलं असतं.

“ह्यांना चहा कडक लागायचा,” वहिनी म्हणायच्या.

“दादाला? छे! दादाला आयुष्यभर पांचट चहा आवडला.”

खरं म्हणजे तो समोर येईल तो चहा निमूट प्यायचा. दोघींपैकी कुणालाही दुखवायचं नाही एवढंच त्याने ठरवलेलं होतं, आणि त्यापायी त्याने काय काय गिळलं हे त्याचं त्यालाच ठाऊक.

आता वहिनी मुलीकडे राहायला निघाल्या होत्या, लांबच्या शहरात. “आई, तू तिथे एकटी कशाला राहतेस?” असं लेक फोनच्या स्पीकरवरून म्हणाली होती. त्या ‘एकटी’वर शेजारच्या खोलीत बसलेल्या आत्यांनी कपाटाचं दार जरा जोरात लावलं होतं. पण तिकीट आलं, बांधाबांध सुरू झाली आणि सामानाच्या वाटणीत काही अडचण आली नाही. अडलं ते या कुंडीपाशी. कुंडी दोघींनाही हवी होती, आणि आपल्याला हवी आहे असं दोघीही म्हणत नव्हत्या. शेवटी त्या लेकीनेच, म्हणजे आत्यांच्या भाचीने, फोनवरून तोडगा सुचवला. “आत्या, त्या झाडाचे दोन भाग होतात. कुंडीतून काढा, मुळं सोडवा, अर्धं अर्धं घ्या. त्यात काय एवढं?”

रविवारी ते करायचं ठरलं होतं. झाडाने त्याआधीच मान टाकली.

दोघी लगोलग नर्सरीत गेल्या. नर्सरीवाला स्वभावाने फारच गोड होता. जो बोलेल त्याला तो ‘बरोबर’ म्हणायचा.

“झाडाला माती लागते,” वहिनींनी सुरुवात केली. त्यांनी शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात हयात घालवली होती, त्यामुळे त्यांच्या वाक्यांना नेहमी पक्की गाठ मारलेली असायची. “चांगली काळी माती द्या. बास.”

“बरोबर,” नर्सरीवाला म्हणाला.

“नुसती माती अजिबात नको,” आत्या म्हणाल्या. आठवडाभर त्या मोबाइलवर कुंड्यांचेच व्हिडिओ बघत होत्या. “कुंडीत नुसती माती घातली की तिची वीट होते. मुळांना हवा मिळत नाही. तो काथ्याचा भुगा, कोकोपीट द्या, गांडूळखत द्या आणि ते पांढरं. पर्लाइट.”

“अगदी बरोबर.”

त्याने पर्लाइटची पिशवी पुढे केली. वहिनींनी त्यातला एक दाणा चिमटीत धरून दाबला.

“हा थर्मोकोल आहे.”

“दगड आहे, आई. भट्टीत फुगवलेला,” नर्सरीवाला म्हणाला.

“दगड फुगतो?”

“बरोबर, फुगत नाही,” नर्सरीवाला घाईने म्हणाला. मग त्याला आत्यांचा चेहरा दिसला. “म्हणजे, हा फुगतो.”

“चला वन्सं. याला स्वतःलाच माहीत नाही.”

पण चला म्हणून वहिनी स्वतः हलल्या नाहीत, कारण त्यांना एक कुंडी दिसली होती. भली थोरली, आत मांजर वेटोळं करून झोपेल एवढी. “ही घेऊ. वाढत्या अंगाची.”

“वहिनी, तो शाळेचा गणवेश नाही.”

“वाढलं की पुन्हा उपद्व्याप नको.”

“एवढ्याशा मुळांना एवढी मोठी कुंडी दिली, तर पाणी नुसतं साचून राहतं. मुळं कुजतात. आधीच्या कुंडीपेक्षा दोन बोटं मोठी पुरते.”

“बरोबर,” असं नर्सरीवाला कुणाकडेही न बघता म्हणाला. शेवटी दोघी घरी परतल्या तेव्हा दोन बेताच्या कुंड्या, काळी माती, कोकोपीट, गांडूळखत आणि ‘थर्मोकोल’ एवढं सगळं बरोबर होतं.

हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून झाड आडवं केलं. वहिनींनी कुंडी धरली, आत्यांनी बुंधा.

“ओढा.”

“ओढतेच आहे. तुम्ही धरा नीट.”

“धरलीच आहे. तुम्ही माझ्याकडे ओढताय.”

झाड जागचं हललं नाही. कुंडीला थापट्या मारून झाल्या, कडेने सुरी फिरवून झाली. मुळांनी खालच्या भोकातून बाहेर येऊन कुंडीला आवळून धरलं होतं. शेवटी आत्या उठल्या आणि आतून प्लॅस्टर कापायची जाड कातरी घेऊन आल्या. त्या झाडाशेजारी मांडी घालून बसल्या, प्लास्टिकच्या काठात कातरीचं टोक अडकवलं आणि अगदी सहज म्हणाल्या, “हलायचं नाही.”

“ते कुठे हलतंय?” वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी पानांवर हात ठेवला होता. पेशंटचा नातेवाईक ठेवतो तसा.

कुंडी उभी चिरली आणि दोन्ही बाजू उघडल्या. आणि घरभर वास पसरला. डबक्याचा असतो तसा.

मुळं कुंडीच्याच आकाराची झाली होती, आणि खालचा अर्धा भाग काळाभोर, मऊ. आत्यांनी एक मूळ बोटांत धरलं तर त्याची साल सुटून हातात आली.

“हे पाण्यावाचून नाही झालं,” त्या हळूहळू म्हणाल्या. “हे पाण्याने झालंय. मी तर बेतानेच घालत होते. एक तांब्या, सकाळी उठल्यावर.”

वहिनी कागदावरची माती बोटाने गोळा करत राहिल्या.

“वहिनी?”

“मी दुपारी घालत होते,” वहिनी म्हणाल्या. “तुमचा डोळा लागला की. तुम्ही विसरत असाल असं वाटलं. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भाषण दिलं असतं.”

“रोज?”

“आता ह्यांच्या झाडाला एखादा दिवस चुकवायचा?”

आत्यांना आधी राग आला, तो चांगलाच आला. भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवरही आलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे ते झाड आलं. सकाळचा तांब्या निमूट पितंय, दुपारचा तांब्याही निमूट पितंय, कुणालाच नाही म्हणत नाही. त्यांना एकदम हसू फुटलं. इतकं, की कातरी बाजूला ठेवावी लागली. वहिनी आधी नुसत्या बघत राहिल्या, मग त्याही हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. ते पुसणं हसू थांबल्यावरही थोडा वेळ चाललं.

मग कामाला लागल्या. आत्यांनी सडलेलं सगळं कापलं. कापता कापता त्यांचा हात मंदावला. खालची मुळं गेली, मधला गड्डा गेला, कडेचे फुटवे हात लावताच गळून पडले. शेवटी कागदावर उरला एकच फुटवा. चार पानं आणि पांढरट मुळांचा लहानसा झुबका.

याचे दोन भाग होणार नव्हते. दोघींनाही ते दिसलं.

“तुम्ही घेऊन जा,” आत्या म्हणाल्या.

“मी कशाला? तुमच्याकडेच राहू दे.”

“तुमचा नवरा होता, वहिनी.”

“हे माझे व्हायच्या आधी कितीतरी वर्षं तुमचे होते.”

“म्हणून काय झालं? संसार तुम्ही केलात.”

“आणि शेवटी रात्रंदिवस उशाशी कोण होतं? मला तर ह्यांच्या हातातली ती सलाइनची सुई बघवत नव्हती. ते काही नाही, झाड इथेच राहणार.”

“नाही राहणार! तुम्ही नेणार!”

“आवाज चढवू नका, वन्सं. मी नेणार नाही म्हणजे नाही!”

झाड आपल्याला हवंय हे गेला महिनाभर दोघींनी जेवढ्या जोराने मनात दाबून धरलं होतं, त्याच्या दुप्पट जोराने आता त्या ते एकमेकींच्या गळ्यात घालत होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बाल्कनीतून मान वर करून पाहिलं. एवढं होईतो कागदावरचं झाड बिचारं उघड्या मुळांनी वाळत पडलेलं.

“आधी याला कुंडीत तर घालू,” आत्या म्हणाल्या.

मोठ्या परातीत मिश्रण करायला घेतलं. वहिनींनी मातीची पिशवी उपडी करायला घेतली, तसा आत्यांनी त्यांचा हात धरला. “थोडीच. बाकी कोकोपीट, थोडं खत आणि हे पांढरं. सैल राहायला हवं. मुळांच्या मध्ये मध्ये जागा हवी.”

“म्हणजे कपडा बेतताना श्वासापुरता सैल ठेवतात, तसं?”

“तसंच.”

“मग असं सांगायचं ना आधी! उगाच हवा न् बिवा.” वहिनींनी बाह्या मागे सारल्या आणि दोन्ही हात परातीत घातले. आयुष्यभर कापडाचा पोत बोटांनी ओळखणारी बाई ती. तिने ते सगळं चोळलं, मुठीत दाबलं, उघडून पाहिलं. गोळा झाला, आणि अंगठा लावताच भुसभुशीत होऊन सुटला. “अजून मूठभर थर्मोकोल घाला,” त्यांनी हुकूम सोडला. आत्यांनी मुकाट्याने घातला.

झाड बसवून होतंय तोच भाचीचा फोन आला. मातीने भरलेल्या करंगळीने वहिनींनी तो स्पीकरवर टाकला.

“आई, सामान झालं का बांधून?”

“अगं, कसली येतेय मी? झाड पार गेलं होतं. आत्ताच कुंडी बदलली. मूळ धरेपर्यंत इथून हलता येणार नाही.”

“आई, आत्या आहे ना तिथे!”

“त्या पाणी घालून मारतील.”

“कोण मारतंय?” आत्या पलीकडून ओरडल्या. “यांनाच दुपारी तांब्या घेऊन फिरायची सवय आहे! मी एकटी किती लक्ष ठेवू?”

मग भाची म्हणाली, “मूळ धरायला किती दिवस लागतात?”

“पेशंटवर आहे,” आत्या म्हणाल्या.

तिकीट पुढे ढकललं. घरात नवा नियम झाला. दुसरी समोर असल्याशिवाय कुणी पाणी घालायचं नाही. आधी एकीने मातीत बोट खुपसायचं, मग दुसरीने. दोघींचं ‘कोरडं’ असं एकमत झालं तरच तांब्या उचलायचा. एकमत व्हायला पुष्कळ वेळ लागायचा. वहिनी म्हणायच्या, आत्यांचं बोट जन्मतःच कोरडं आहे, त्याला काय कळणार. त्या वादात सकाळचा चहा व्हायचा, कधी कधी दुसराही व्हायचा. पानं उभी राहिली, मग जरा पिवळी पडली, मग त्यातलं एक गेलं. भाची दर आठवड्याला विचारायची, “धरलं का मूळ?” आणि जी फोन उचलेल ती सांगायची, “अजून नाही.”

एकदा सकाळी केर काढताना आत्या कुंडीपाशी थबकल्या. तीन पानांच्या मधून एक बारीक, पोपटी सुरळी वर आली होती. सुईएवढी. झाडाने मूळ धरलं होतं.

‘वहिनी!’ अशी हाक त्यांच्या घशापर्यंत आली. आतल्या खोलीत दाराशेजारी वहिनींची बांधून ठेवलेली बॅग तशीच उभी होती. आत्यांनी हाक गिळली. त्यांनी कुंडी अलगद फिरवली, इतकी की कोंब खिडकीकडे गेला आणि हॉलच्या बाजूला जुनी पानं राहिली. मग चोरी केल्यासारख्या त्या झाडू घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या. दिवसभर त्यांनी वहिनींच्या नजरेला नजर दिली नाही. बोट खुपसायची वेळ झाली तेव्हा ‘ओलंच असेल’ म्हणून टाळलंसुद्धा.

संध्याकाळी हॉलमधून फोनवरचं बोलणं ऐकू आलं. आत्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

वहिनी खिडकीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. कुंडी त्यांनी स्वतःकडे वळवून घेतली होती. एका हाताने फोन कानाशी धरला होता, आणि दुसऱ्या हातातल्या ओल्या फडक्याने त्या पोपटी सुरळीवरची धूळ टिपत होत्या. तान्ह्या मुलाचं नाक पुसावं तसं, जपून.

“नाही गं,” त्या फोनवर सांगत होत्या. “कुठलं काय! तसंच आहे, मरगळलेलं. अगं, झाडाची घाई करून चालत नाही.”

आत्या एक पाऊल मागे सरल्या. चपलांचा आवाज न करता स्वयंपाकघरात परत गेल्या. तिथे त्यांनी पातेल्यावर झाकण आपटलं, मोठ्यांदा खाकरल्या आणि जरा थांबून मगच हॉलमध्ये आल्या.

तोवर फडकं वहिनींच्या मांडीवर होतं, आणि कुंडीतला कोंब पुन्हा खिडकीकडे.

“काय म्हणते लेक?” आत्यांनी विचारलं.

“काही नाही. झाडाचं विचारत होती.”

“मग?”

“म्हटलं, वेळ लागेल.”

आत्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. कुंडीकडे त्यांनी पाहिलं नाही.

“लागेलच,” त्या म्हणाल्या.